रिव्हर्स सोडून सगळं

मला गाडी रिव्हर्स घेता येत नव्हती आणि मी केजमध्ये एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं.

थोडी यायची, सराव नव्हता, असलं काही नाही. येतच नव्हती. पुढं जाताना मी बरा होतो. पण मान मागं वळवली की माझे हात माझे राहायचे नाहीत. डावीकडं न्यायची म्हटलं की गाडी उजवीकडं जायची, आणि ते दुरुस्त करायला गेलो की आणखी उजवीकडं. ड्रायव्हिंग मी धर्मापुरीत मामाच्या ट्रॅक्टरवर शिकलो. शेतात ट्रॅक्टर बांधापर्यंत पुढं जातो, तिथं वळतो आणि पुन्हा पुढंच येतो. मामानं एकदाच तो मागं घ्यायला सांगितला. मी गव्हाण पाडली. पलीकडची म्हैस त्यानंतर मला बघितलं की दावं तोडायची. लायसनच्या परीक्षेला मी मैदानात गाडी सरळ नेली, सरळ थांबवली, आणि तेवढ्यात अशी सर आली की साहेबांसकट सगळे पत्र्याखाली पळाले. त्या पावसाच्या जोरावर मी ड्रायव्हर झालो.

बाजार खुला झाला, असं तेव्हा पेपरात रोज यायचं. आमच्याकडं तो एवढाच खुला झाला होता की वडलांच्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या होत्या. कपाळाला भस्म लावून वडील गल्ल्यावर बसायचे आणि बी.ए. झालेला मी फडक्यानं त्या माळा झटकायचो. देश कुठल्या कुठं निघालाय आणि आपण पुड्या झटकतोय, ह्या विचारानं मला चैन पडायचं नाही. अशा चैन न पडणाऱ्या पोरांसाठी केजला तेव्हा एक संस्था निघाली होती. वंचितांना धंदेशिक्षण द्यायचं आणि मग नोकरीला लावून द्यायचं, असं तिचं काम. म्हणजे फलकावर तरी तसं लिहिलेलं होतं.

संस्था चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ आधी राजकारणात होते. दोन पक्ष फिरून झाले, पंचायत समितीला पडले, आणि पडल्यावर त्यांना समाजाचं दुःख दिसू लागलं. बोलताना ते ‘सक्षमीकरण’ हा शब्द असा उच्चारायचे, जसा एखादा नवा नवरा बायकोचं नाव घेतो, थोडं थांबून, थोडं लाजून. शिलाईचा वर्ग होता, पण मशिनी पाहुणे येईपर्यंत झाकून ठेवलेल्या असायच्या, धूळ बसू नये म्हणून. वायरमनचा वर्ग होता, त्या खोलीत वीज नव्हती. आणि कुणीतरी दान दिलेली एक जुनी जीप होती, तिच्यासाठी मास्तर हवा होता.

“गाडी येते?” भाऊंनी विचारलं.

“येते.”

“वंचितांबद्दल कळवळा आहे?”

“आहे.”

दोन्ही उत्तरं मी सारख्याच दमात दिली आणि दोन्ही सारखीच पोकळ होती. भाऊंनी दुसऱ्याच उत्तरावर मान डोलावली. पहिलं तपासून बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण त्यांना स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती.

घरी सांगितलं तेव्हा वडील दुकानातल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, “ह्याला सायकल वळवायची असली की हा खाली उतरतो. आता हा गाडी शिकवणार.” गिऱ्हाईक हसलं. मी फडकं गल्ल्यावर टाकलं आणि केजची एसटी पकडली. मागं वळून बघितलं नाही. ते मला तसंही जमत नव्हतं.

संस्थेला लागूनच बाजारतळ होता. आठवडी बाजाराचा दिवस सोडला तर मोकळा. मी असा रस्ता आखला की गाडीला मागं जायची वेळच येऊ नये. बाजारतळावरून निघायचं, मोठ्या सडकेला लागायचं, तहसील कचेरीच्या पाठीमागून वळसा घ्यायचा आणि पुन्हा बाजारतळ. घाण्याचा बैल लाजेल इतक्या इमानानं आम्ही फिरायचो. गाडी उभी करायची तीही तोंड सडकेकडं करून. बाजाराच्या दिवशी ‘थिअरी’. फळ्यावर इंजिन काढायचं. मला इंजिनसुद्धा नीट काढता यायचं नाही, ते हंड्यासारखं दिसायचं, पण फळ्यावरचं इंजिन कुठं जाऊन धडकत नाही.

वर्गात बारा-पंधरा जण होते, सगळे गावाबाहेरच्या वस्तीवरचे. दसरा झाला की ही माणसं उसाच्या तोडीला जायची, कडा आणि त्याच्याही पलीकडच्या कारखान्यांवर, ती चैत्राच्या सुमाराला परत. त्यातला एक पहिल्या नंबरचा होता. पंचविशीचा, बोलायला कमी, गिअर टाकताना जीभ दातात धरायचा. एके दिवशी त्यानं हात वर केला.

“सर, मागं कवा शिकवणार?”

अख्खा वर्ग माझ्याकडं बघायला लागला.  आणि मी कोंडीत सापडलो की माझ्या तोंडून तत्त्वज्ञान येतं, हा माझा जुना आजार.

“तुमच्या बापजाद्यांनी आयुष्यभर काय केलं?” मी म्हणालो. “मागंच राहिले ना? आपल्याला आता पुढं जायचंय. मागचं मागं राहू द्या.”

पोरांनी माना डोलावल्या. दोघांनी तर टाळ्या वाजवल्या. नेमके त्याच वेळी भाऊ दारातून आत येत होते. त्यांनी ते ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा! हेच तर सक्षमीकरण आहे.” चार दिवसांनी केजच्या पेंटरनं जीपच्या पाठीमागं पिवळ्या अक्षरांत रंगवलं: ‘आता फक्त पुढे.’ माझ्या नामुष्कीची एवढी सुंदर पाटी मी दुसरी पाहिली नाही.

स्टँडवर काळ्या-पिवळ्या जिपा लागायच्या. त्यांतल्या एका जिपेचा ड्रायव्हर होता, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. पानाचा तोबरा, एक पाय बाहेर, आणि बोळातून, ट्रकांमधून, म्हशींमधून गाडी मागं काढायची ती एका हातानं. त्यानं ती पाटी वाचली, आम्हाला घाण्यासारखं फिरताना आठवडाभर बघितलं, आणि एकदा सडकेवर माझ्या बरोबरीला गाडी आणून ओरडला, “क्या मास्टर! पिछला गिअर निकालके बेच डाले क्या बे?”

मी काच वर केली. जिपेला काच नव्हती, नुसता कापडी पडदा होता. तो खाली सोडला.

माझ्या त्या पहिल्या नंबरच्या पोराची बायको मला श्रावणात भेटली. नवऱ्याची भाकरी घेऊन ती बाजारतळावर आली होती. अंगानं किडकिडीत, पोट चांगलंच पुढं आलेलं. भाकरी त्याच्या हातात देऊन ती सरळ माझ्याकडं आली.

“मास्तर, ह्यास्नी दसऱ्याच्या आत लायसन मिळंल का?”

“मिळेल की. पहिला नंबर आहे त्याचा.”

“नंबराचं न्हाई इचारलं. लायसनचं इचारलं.”

मग तिनं मला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, जसा एखाद्या कारकुनाला पत्ता सांगावा तसं. तोडीला एकटा माणूस कुणी घेत नाही. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार; दोघं मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवऱ्याला जायचं तर तिला जावंच लागणार. आणि तिचे दिवस दिवाळीच्या सुमाराला भरत होते.

“पहिलं लेकरू उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत झालं,” ती म्हणाली. “तिथंच गेलं. ह्या खेपंला मला हितं बाळंत व्हायचंय. दवाखान्यात. मुकादमाला आजून व्हय म्हणलो न्हाई. दसऱ्याला त्यो इचारायला येणार. तवा नोकरी लागली आसंल तर न्हाई म्हणता यील. न्हाई लागली तर जावं लागंल. समजलं का?”

मला समजलं. मी म्हणालो, “बाई, तुम्ही निर्धास्त राहा. जिम्मा माझा.”

माझ्या तोंडाला हे शब्द कुणी शिकवले कोण जाणे. नोकरी मात्र मी खरंच बघितली, तेवढं पुण्य माझ्या नावावर आहे. केजच्या बाजारपेठेत एक आडत दुकानदार होते, आप्पा. वडलांच्या ओळखीचे, आमच्यातलेच, भस्माचे पट्टे वडलांपेक्षाही रुंद. त्यांनी नवा टेम्पो घेतला होता आणि त्यांना ड्रायव्हर हवा होता. मी वडलांचं नाव सांगून त्या पोराला उभं केलं.

आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “दारू?”

“न्हाई.”

“लायसन?”

“दसऱ्याच्या आत,” मी मध्येच बोललो.

“बघा बरं. माझं गोदाम बोळात हाय. माल मागल्या दारानं उतरतो. गाडी उलटी घ्यावी लागती, भिंतीला न घासता. दसऱ्याला पूजा करून टेम्पो बाहेर काढायचाय. तवर आलात तर ठीक, न्हाईतर दुसरा उभा हाय.”

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, “सर, उलटी...”

“अरे, पुढं जाता येतं त्याला मागं जाता येतंच,” मी म्हणालो. “गाडी तीच. गिअर तेवढा वेगळा.”

हे वाक्य मला आजही आठवतं, झोप येत नसली म्हणजे. झोप मग अजिबातच येत नाही.

परीक्षा पितृपंधरवड्यात होती. बीडला मैदानावर मी माझी फौज घेऊन गेलो, सगळ्यांनी केसांना तेल लावलेलं. आठचा आकडा सगळ्यांनी झकास काढला. घाण्यावर फिरून फिरून वळणं त्यांच्या रक्तात गेली होती. मग साहेब म्हणाले, “आता त्या दोन डब्यांच्या मधून मागं घ्या.”

पहिल्यानं डबा पाडला. दुसऱ्यानं दोन्ही पाडले. तिसऱ्याला गिअरच सापडेना; दांड्यावरची खूण पुसून गेलेली होती आणि ती कुठं असते हे मी कधी सांगितलेलंच नव्हतं. माझा पहिला नंबर जीभ दातात धरून बसला, गाडी इंचाइंचानं मागं आणली आणि शेवटी साहेबांच्या खुर्चीच्या दिशेनं आणली. साहेब उठून बाजूला झाले. खुर्ची वाचली नाही.

“कुणी शिकवलं रे तुम्हाला?” साहेबांनी विचारलं.

अख्ख्या फौजेनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी जीपला टेकून उभा होतो, त्या पिवळ्या पाटीच्या अगदी शेजारी. साहेबांनी पाटी वाचली, मला वाचलं, आणि म्हणाले, “घटस्थापना झाली की या परत. मागं घ्यायला शिकून या.”  त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी भाऊंकडं गेलो. म्हटलं, सगळी पोरं नापास झाली. भाऊ त्या वेळी पाहुण्यांसाठी स्वागताच्या कमानीचं बघत होते. दिल्लीहून दोघं येणार होते आणि त्यांच्याबरोबर परदेशातली एक बाई.

“नापास हा शब्द आपण वापरत नाही,” भाऊ म्हणाले. “त्यांनी प्रशिक्षण पूर्ण केलं ना? मग झालं. लायसन हा शासनाचा विषय आहे.”

“पण नोकरी?”

“नोकरी हा बाजाराचा विषय आहे. आता बाजार खुला झालाय.” आणि ते कमानीला पताका लावणाऱ्यावर खेकसले, “अरे, पिवळी वर घे, पिवळी!”

पाहुणे नवरात्राच्या तोंडावर आले. त्यांना ‘लाभार्थी’ बघायचे होते. लाभार्थी म्हणजे ज्यांना आमच्यापासून काही लाभ झालेला नाही अशी माणसं. भाऊंनी फर्मावलं, संस्थेच्या जीपनंच वस्तीवर जायचं आणि गाडी मास्तर चालवणार. मी म्हणालो, गाडी सडकेवर उभी करू, चालत जाऊ. भाऊ म्हणाले, “पाहुण्यांना चिखलातून चालवता? आत घ्या थेट.”

वस्तीतली गल्ली जीपच्या रुंदीचीच होती. दोन्ही बाजूंना कुडाची घरं, पाण्याची टिपाडं, कोंबड्या. गल्लीच्या शेवटी मरीआईचं ठाणं आणि त्याच्या मागं बोराट्यांचं कुंपण. संपलं. जाताना मी अगदी डौलात गेलो, हॉर्न वाजवत. ठाण्यापाशी गाडी थांबवली आणि तिथंच माझ्या लक्षात आलं की पुढं आता फक्त देवी आहे.

पाहुण्यांनी लाभार्थी बघितले. लाभार्थ्यांनी पाहुणे बघितले. परदेशी बाईला एका म्हातारीनं कुंकू लावलं, फोटो निघाले. मग सगळे पुन्हा गाडीत बसले. भाऊ म्हणाले, “चला.”

मी गिअर टाकला. गाडीनं एक आचका दिला आणि ठाण्याच्या दिशेनं वीतभर सरकली. मी पुन्हा टाकला. पुन्हा वीतभर. आता देवीचा आणि बंपरचा श्वास एक झाला. तिसऱ्यांदा गिअर असा किंचाळला की कोंबड्या घरांवर चढल्या. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला.

त्या पोराची बायको तिच्या दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून.

“मागं घ्या की, मास्तर.”

“इंजिन तापलंय,” मी म्हणालो.

“तापलंय तर पुढं कावून जायलंय मग?”

ह्याच्यावर माझ्याकडं तत्त्वज्ञान नव्हतं. मी गाडी न्यूट्रल केली आणि तोंडातल्या तोंडात म्हणालो, “जरा ढकलता का?” आणि माझे बारा-पंधरा विद्यार्थी, ज्यांना मी पुढं जायला शिकवलं होतं, पुढं येऊन ठाण्याच्या दोन्ही अंगांनी बंपरला खांदे लावून उभे राहिले आणि ‘हेऽ मार’ म्हणत जीप, पाहुणे, भाऊ आणि मी, असे सगळे उलटे ढकलत नेऊ लागले. ‘आता फक्त पुढे’ ही पाटी सगळ्यांच्या आधी गल्लीतून बाहेर निघाली.

परदेशी बाई खूश झाली. तिनं भाऊंना इंग्रजीत विचारलं, हे असं नेहमी करतात का? भाऊ एक क्षणही अडखळले नाहीत. ही आमच्याकडची जुनी रीत आहे, सामूहिक शक्तीची, असं त्यांनी सांगितलं. बाईनं उतरून त्याचाही फोटो काढला. पुढं संस्थेच्या छापील अहवालाच्या पहिल्या पानावर तोच फोटो होता. स्टिअरिंगवर एक माणूस तोंड लपवून बसलेला दिसतो. तो मी.

जीप तिच्या दारासमोरून उलटी चालली होती तेव्हा ती बरोबरीनं दोन पावलं चालली. आवाज खाली करून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “म्हंजे तुमालाच येत न्हाई.”

मी समोर ढकलणाऱ्या पोरांकडं बघितलं.

“आन मी तुमच्या भरोशावर मुकादमाला थांबवलाय,” ती म्हणाली आणि थांबली. गाडी पुढं गेली. म्हणजे मागं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा असं वाटलं की आपण पुड्याच झटकायला हव्या होत्या. पुडी झटकताना चूक झाली तर फार तर पुडी पडते.

माझ्या वाटण्याची वाट बघत ती काही बसली नाही. ती तशीच स्टँडवर गेली आणि उस्तादला गाठलं. काय बोलली मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारतळावर गेलो तर उस्ताद जीपच्या बॉनेटवर बसून पान चघळत होता. शेजारी माझा पहिला नंबर, मान खाली घालून. आणि लिंबाखाली ती, राखण केल्यासारखी.

“आव मास्टर,” उस्ताद म्हणाला. “शागिर्द आगे बैठेगा. तुम पीछे बैठो. सीखो.”

“मी कशाला?”

“बाईचं म्हणणं हाय,” तो मराठीवर आला, “की हा माणूस आनखी कुणाला तरी शिकवंल. त्याच्या आधी ह्यालाच शिकवा.”

मी मागं बसलो. चार दिवस सकाळी मी मागच्या बाकावर बसून शिव्या खाल्ल्या. शिव्या पोराला कमी आणि मला जास्त होत्या. पोराला उस्ताद म्हणायचा, “शाबास, और थोडा.” मला म्हणायचा, “गर्दन घुमाव बे, गर्दन! गर्दन है के खंबा?” स्टँडवरची रिकामटेकडी मंडळी कट्ट्यावर बसून बघायची. दोघा-तिघांनी घरून चहा आणवला होता. पोराला दुसऱ्याच दिवशी जमलं. मला चौथ्या दिवशी, तेही कुंपणाचा एक खांब कमी झाल्यावर.

भाऊंनी हे खिडकीतून बघितलं आणि उस्तादला ‘मानद मार्गदर्शक’ करून टाकलं. उस्तादनं विचारलं त्याचे पैसे किती. भाऊ म्हणाले, मानद म्हणजे मान. उस्ताद थुंकला आणि गाडी घेऊन गेला.

घट बसल्यावर आम्ही पुन्हा बीडला गेलो. ह्या खेपेला मी मैदानाच्या बाहेरच थांबलो. साहेबांना माझं तोंड दिसलं तर पोरांचा निकाल बिघडेल असं वाटलं. पहिला नंबर पास होऊन बाहेर आला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, “सर, डबा हलला बी न्हाई.” एवढं लांब वाक्य तो त्याआधी माझ्याशी कधी बोलला नव्हता. कडेला उभं राहून बघून बघून शिकलेले आणखी तिघं पास झाले, बाकीचे पुन्हा राहिले. त्यांना शिकवायला उस्तादकडं वेळ नव्हता आणि माझ्याकडं तोंड.

दसऱ्याला आप्पांच्या टेम्पोला झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. पोरानं टेम्पो उलटा बोळात घातला. आप्पा दोन्ही भिंतींना हात लावून बघत होते, घासलं का म्हणून. घासलं नव्हतं. “उद्यापासून ये,” आप्पा म्हणाले. त्याच संध्याकाळी मुकादम वस्तीवर आला आणि त्या घरातून त्याला पहिल्यांदाच ‘न्हाई’ ऐकायला मिळालं.

राहिलेली पोरं, पास होऊनही नोकरी न लागलेल्या त्या तिघांसकट, बायकांना घेऊन ट्रकमध्ये बसली आणि तोडीला गेली. मी सडकेवर उभा होतो. एकानं वरून हात केला, “सर, ट्रक मागं बी जायलाय बगा!” ट्रकभर माणसं हसली. त्यांना हसायला काही जागा होती असं नाही. आणि भाऊंनी अहवालात लिहिलं की सर्वच्या सर्व प्रशिक्षणार्थींना रोजगार मिळाला. म्हटलं, अहो, ते तर ऊस तोडायला गेले. भाऊ म्हणाले, “मग? तो रोजगार नाही? तुम्ही श्रमाला कमी लेखता.” मी अहवाल मिटून टेबलावर ठेवला. पगार माझाही तिथूनच यायचा.

दिवाळीच्या आधी, दुपारच्या वेळी, त्या पोराची आई धापा टाकत संस्थेत आली. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. पोरगा आप्पांचा माल घेऊन कड्याला गेलेला, स्टँडवर उस्ताद नाही, वस्तीवर माणूस नाही; धडधाकट ते सगळे तोडीवर. “मास्तर, तुमची गाडी हाय का?”

गाडी होती. आणि आता मला रिव्हर्स येत होता. मी असा उठलो की खुर्ची पडली. माझ्या मनात सगळं चित्र तयार होतं: ह्या वेळी आपण गल्लीत तोंडानं शिरायचं नाही. सडकेवरून उलटं, मान वळवून, थेट तिच्या दारापर्यंत जायचं, आणि निघताना एका झटक्यात सरळ दवाखाना. तिनं बघायला हवं होतं ते. बाळंतीण होणाऱ्या बाईसमोर मला पास व्हायचं होतं, काय सांगू.

मी गाडी उलटी घातली. मान वळवली, खांब नव्हे मान. डावं कूड गेलं, उजवं कूड गेलं, कोंबड्या सुटून बाजूला झाल्या. तिचं दार दिसलं. ती चौकटीला धरून उभी होती, ओठ आवळून. मी तिच्याकडं बघून हसलो. उस्तादनं सांगितलं होतं, मागं जाताना कुणाकडं बघून हसायचं नसतं.

तिच्या दाराजवळचं टिपाड पाण्यानं गळ्यापर्यंत भरलेलं होतं. ते आडवं झालं, पाणी अंगणातून थेट घरात गेलं, चुलीत गेलं, आणि जीप ‘आता फक्त पुढे’सकट कुडाला टेकून उभी राहिली. सासू कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

मी उतरलो, धावत जाऊन मागचं फळकूट उघडलं. “चला, चला. बसा लवकर.”

तिनं एक कळ सोसली. मग पाण्याकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सासूच्या खांद्यावर हात टाकून चिखलातून जीपपर्यंत आली, बाकावर बसली आणि पदरानं घाम पुसला.

“आता सरळ न्या, मास्तर,” ती म्हणाली. “आन तोंड बंद ठिवा. आज मला काईबी शिकवू नका.”